डॉ. एडवर्ड जेन्नर : मानाच्या सनदा आणि लसीचा खरा पुरावा

दवाखान्यात नंबर यायची वाट पाहताना तुमचे लक्ष भिंतीवरच्या चौकटींकडे जातेच. एखादी पदवी, मेडिकल कौन्सिलची नोंदणी, एखाद्या संस्थेचे मानद सदस्यत्व. या सगळ्या कागदांचे वजन सारखे नसते. पदवी शिकून मिळते आणि नोंदणीशिवाय डॉक्टरला काम करता येत नाही. मानद सदस्यत्व मात्र गौरव म्हणून दिले जाते. तो गौरव खरा असतो, पण त्यावरून उपचार बरोबर की चूक हे ठरत नाही.

हा फरक नीट समजावा म्हणून तुम्हाला डॉ. एडवर्ड जेन्नर यांची गोष्ट सांगायची आहे. देवीच्या लसीचे जनक म्हणून त्यांचे नाव तुम्ही शाळेत वाचले असेल. त्यांच्या आयुष्यात मानाचे कागद भरपूर आले. त्यातले काही त्यांना मिळाले, काही त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी इतरांना दिले, आणि एक त्यांनी मागूनही हाती आला नाही. लस टिकली ती मात्र वेगळ्याच गोष्टींवर.

देवीचा आजार नेमका कसा होता?

आज चाळिशीच्या आतल्या कोणी देवीचा रुग्ण पाहिलेला नाही. हा विषाणूमुळे होणारा आजार होता. संसर्ग झाल्यावर साधारण बारा दिवसांनी जोराचा ताप आणि अंगदुखी सुरू व्हायची. मग चेहरा, हात, पाय असे करत अंगभर फोड उठायचे आणि त्यात पू व्हायचा. नेहमी आढळणाऱ्या तीव्र प्रकारात दहा रुग्णांपैकी सुमारे तीन दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर खोल वण राहत, काहींची दृष्टी जाई. आपल्याकडे या आजाराला देवीचा कोप मानत, म्हणूनच आजारालाही देवी हेच नाव पडले. मुंबईत माहीमला शितळादेवीचे देऊळ आजही आहे.

औषध नव्हते. पण एक गोष्ट लोकांना पिढ्यानपिढ्या माहीत होती. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या, त्याला त्या सहसा पुन्हा येत नाहीत. यातूनच एक जुना उपाय निघाला. सौम्य आजार असलेल्या रुग्णाच्या फोडातील द्रव घेऊन निरोगी माणसाच्या कातडीला छेद देऊन त्यात घालायचा. बंगालमध्ये टिकादार हे काम करत. तुर्कस्तानातही हा उपाय चाले आणि तेथून तो १७२१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रुजला. असे टोचल्यावर येणारी देवी बहुधा सौम्य असे, पण ती खरी देवीच असे. शंभरातील एक-दोघे त्यानेही दगावत, शिवाय टोचलेल्या माणसाकडून इतरांना लागण होई.

बर्कलीचा मुलगा

एडवर्ड जेन्नर यांचा जन्म १७ मे १७४९ रोजी इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली या गावी झाला. वडील तेथील चर्चचे धर्मगुरू. एडवर्ड पाच वर्षांचा असताना आई आणि वडील दोघेही थोड्याच काळात गेले. पुढे मोठ्या भावाने त्याला सांभाळले.

आठ वर्षांचा असताना त्यालाही देवी टोचण्यात आली. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे आधी त्याला उपाशी ठेवले, जुलाब दिले, रक्त काढले. टोचल्यावर इतर मुलांबरोबर त्याला एका तबेल्यात ठेवले, म्हणजे आजार बाहेर पसरू नये. तो वाचला, पण तो अनुभव त्याला कायम लक्षात राहिला. उपाय आजाराइतकाच भीतीदायक असेल तर लोक तो का टाळतात, हे समजायला डॉक्टरलाही कधी तरी रुग्णाच्या जागी असावे लागते.

किशोरवयातच तो चिपिंग सॉडबरी येथील डॅनियल लडलो या शल्यवैद्याकडे उमेदवारीला राहिला. पुढे एकविसाव्या वर्षी जेन्नर लंडनला सेंट जॉर्ज हॉस्पिटलमध्ये जॉन हंटर यांचे शिष्य झाले. नुसता तर्क लढवत बसू नका, करून पाहा आणि नीट मोजा, अशी हंटर यांची शिकवण होती. १७७२ मध्ये जेन्नर बर्कलीला परतले आणि खेड्यातले डॉक्टर म्हणून घोड्यावरून रुग्ण पाहू लागले.

पक्ष्यासाठी मान, पदवीसाठी शिफारस

जेन्नर यांना पहिला मोठा मान मिळाला तो एका पक्ष्यामुळे. कक्कू पक्षी दुसऱ्याच्या घरट्यात अंडे घालतो. घरट्यातली बाकीची अंडी आणि पिल्ले बाहेर कोण ढकलते, हा प्रश्न होता. जेन्नर यांनी पाहून लिहिले की नुकतेच जन्मलेले कक्कूचे पिल्लूच ती पाठीवर घेऊन बाहेर टाकते. त्याच्या पाठीला त्यासाठी एक खळगा असतो आणि काही दिवसांत तो नाहीसा होतो. या लेखामुळे १७८९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. अनेकांनी त्यावर अविश्वास दाखवला. विसाव्या शतकात कॅमेऱ्याने ते दृश्य टिपले तेव्हा कुठे शंका मिटली.

एम. डी. ही पदवी त्यांना १७९२ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडून मिळाली. त्यासाठी ते तेथे शिकायला गेले नव्हते. दोन डॉक्टरांची शिफारसपत्रे पाठवून आणि शुल्क भरून ती पदवी मिळे. त्या काळात ही सर्वमान्य पद्धत होती, त्यात लबाडी नव्हती. तुम्हाला आज हे विचित्र वाटेल. पण लक्षात घ्या, एका माणसाने वीस वर्षे रुग्ण पाहिले, शवविच्छेदने केली, नोंदी ठेवल्या. त्याची पदवी मात्र टपालाने आली. कागद आणि काम यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही.

१४ मे १७९६

त्या भागातील गवळणींना एक गोष्ट ठाऊक होती. गाईच्या आचळांवर फोड येण्याचा एक आजार असतो, त्याला गोस्तन देवी म्हणतात. दूध काढताना तो हातांना लागतो, चार-आठ दिवस त्रास होतो आणि जातो. ज्यांना तो होऊन गेला त्यांना पुढे देवी येत नाहीत, असे त्या सांगत.

हे फक्त ऐकून न सोडता करून पाहणारे जेन्नर पहिलेच नव्हते. डॉर्सेट परगण्यातील बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने १७७४ मध्ये देवीची साथ आली तेव्हा आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातील द्रव टोचला होता. पण त्याने पुढे काय झाले याची पद्धतशीर नोंद करून ती प्रसिद्ध केली नाही. जेन्नर यांनी ते काम केले.

१४ मे १७९६ रोजी त्यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातून द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर दोन बारीक छेद देऊन त्यात घातला. सातव्या दिवशी मुलाची काख दुखू लागली. नवव्या दिवशी थंडी वाजली, भूक गेली, डोके दुखले. दुसऱ्या दिवशी तो बरा होता. लस घेतल्यावर तुमच्या बाळाला एक-दोन दिवस ताप येतो, दंड दुखतो, ते याच जातीचे लक्षण आहे. शरीर परक्या घटकाशी ओळख करून घेत असते.

खरी कसोटी पुढे होती. १ जुलैला जेन्नर यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीच्या फोडातील द्रव टोचला. त्याला देवी आल्या नाहीत.

इथे थोडे थांबा. आजच्या नियमांनुसार असा प्रयोग करता येणार नाही. आता आधी प्रयोगशाळेत, मग प्राण्यांवर, मग थोड्या स्वयंसेवक प्रौढांवर आणि टप्प्याटप्प्याने जास्त लोकांवर लस तपासतात. मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती लागते आणि स्वतंत्र नैतिकता समितीची परवानगीही. जेन्नर यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्या काळात देवी टोचणे हा रूढ उपाय होता आणि ती जोखीम त्या मुलाने एरवीही घेतली असती. पण त्याच्यासाठी निर्णय दुसऱ्यांनी घेतला, हेही खरे आहे. नंतर जेन्नर यांनी त्याला बर्कलीत राहायला एक छोटे घर दिले.

गोस्तन देवीमुळे देवी का टळते?

दोन्ही विषाणू एकाच कुळातले आहेत. त्यांच्या बाहेरच्या आवरणाची ठेवण इतकी सारखी असते की एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यालाही ओळखते. गोस्तन देवीचा विषाणू माणसाला फारसा त्रास देत नाही. पण त्याच्याशी झुंजताना शरीरात प्रतिद्रव्ये बनतात आणि काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. खरी देवी आली की या पेशी तयारीने पुढे येतात. जेन्नर यांना विषाणू ठाऊक नव्हते, पेशींची ही स्मृतीही नाही. त्यांना परिणाम दिसला आणि त्यांनी तो लिहून ठेवला.

लस पसरली, तशा सनदाही

पहिल्या प्रयोगाचा लेख रॉयल सोसायटीने छापला नाही. एका मुलावरून एवढा मोठा निष्कर्ष काढणे घाईचे होते, आणि तो नकार अगदीच अन्यायाचा नव्हता. जेन्नर यांनी आणखी रुग्ण जमवले आणि १७९८ मध्ये स्वतःच्या खर्चाने एक लहान पुस्तक काढले. त्यात २३ प्रकरणांची माहिती होती. गाईला लॅटिनमध्ये व्हाका म्हणतात, त्यावरून व्हॅक्सीन हा शब्द आला.

पुढची काही वर्षे गडबडीची होती. लंडनच्या देवी रुग्णालयात विल्यम वुडव्हिल यांनी लस वापरून पाहिली, पण तेथील लसीत खऱ्या देवीचा विषाणू मिसळला गेला आणि कित्येकांच्या अंगावर फोड उठले. लस घेतली की माणसाला शिंगे फुटतील, अशी भीती काहींनी पसरवली. जेम्स गिलरे यांचे १८०२ सालचे व्यंगचित्र प्रसिद्ध आहे. त्यात लस घेतलेल्या लोकांच्या अंगातून गाई बाहेर येताना दाखवल्या आहेत. लसीबद्दलच्या अफवा ही आजची गोष्ट नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल.

लस गरिबांपर्यंत पोचावी म्हणून १८०३ च्या आरंभी लंडनमध्ये रॉयल जेनेरियन सोसायटी स्थापन झाली. राजा तिसरा जॉर्ज तिचा आश्रयदाता होता. शहरात ठिकठिकाणी केंद्रे उघडली आणि पहिल्या दीड वर्षात सुमारे बारा हजार लोकांना फुकट लस टोचली गेली. संस्थेचा वार्षिक समारंभ जेन्नर यांच्या वाढदिवशी होई.

अशा संस्था आपल्या कामाला हातभार लावणाऱ्यांचा सनद देऊन गौरव करत. त्या काळातली कोरीव सनद कशी तयार होई, हे समजून घेण्यासारखे आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर कारागीर मजकूर आणि चित्र उलटे कोरी. खाचांत शाई भरून त्यावर ओलसर कागद ठेवत आणि दाबयंत्रातून काढत. नावाची जागा मोकळी ठेवलेली असे. तेथे वळणदार हस्ताक्षरात सदस्याचे नाव, तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या येत. एकाच पत्र्यावरून कितीतरी प्रती निघत, नाव तेवढे वेगळे.

त्या काळी अशा कागदाचे महत्त्व होते. लस टोचण्यासाठी कोणती परीक्षा नव्हती, परवाना नव्हता. दूरच्या गावातल्या डॉक्टरकडे लंडनच्या संस्थेची सनद असली की लोकांना धीर येई. पण त्या सनदेवरून त्याच्याकडची लस ताजी आहे की नासलेली, हे मात्र कळत नसे.

हा मान पुढे भांडणाचे साधनही झाला. जॉर्ज पिअरसन यांनी लंडनमध्ये जेन्नर यांच्याआधीच लसीची एक संस्था काढली होती आणि दोघांचे पटत नव्हते. १८०५ मध्ये त्या संस्थेने शेतकरी जेस्टी यांना लंडनला बोलावले, मानपत्र दिले, सोन्याने मढवलेली टोचण्याची हत्यारे दिली आणि त्यांचे चित्र काढवून घेतले. जेस्टी यांचा गौरव योग्यच होता. पण त्यामागे जेन्नर यांचे श्रेय कमी करण्याचा हेतूही होता, असे अनेक अभ्यासक मानतात.

जेन्नर यांना आलेल्या मानचिन्हांत एक अगदी वेगळे होते. त्यांनी उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या पाच जमातींच्या प्रमुखांना आपले पुस्तक पाठवले होते. १८०७ मध्ये त्या प्रमुखांनी आभार म्हणून शिंपल्यांच्या मण्यांचा विणलेला पट्टा पाठवला. त्यांच्या रीतीत असा पट्टा म्हणजे दिलेल्या शब्दाची खूण असे.

मुंबईतली तीन वर्षांची मुलगी

लस भारतात कशी पोचली, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला ठाऊक असायला हवे. तेव्हा शीतपेटी नव्हती. द्रव धाग्यावर किंवा काचेवर वाळवून पाठवत, पण लांबच्या उष्ण प्रवासात तो निकामी होई. शेवटी व्हिएन्नाचे डॉ. जाँ द कारो यांनी पाठवलेली लस बगदादला पोचली. तेथून मुलांच्या दंडावरून दंडावर अशी साखळी करत ती बसऱ्याला आणि मग जहाजाने मुंबईला आली.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली आणि ती लागली. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना लस दिली गेली, आणि त्या साखळीतून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. त्या पिढीत भारतात देवी टोचलेल्या असंख्य लोकांची लस या एका मुलीच्या दंडापासून सुरू झाली होती. पुढे कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथून जेन्नर यांच्यासाठी वर्गणी जमली, ती सात हजार पौंडांहून अधिक होती. ॲनाला कोणतीही सनद मिळाल्याची नोंद नाही.

दंडावरून दंडावर लस देण्यात मोठा धोकाही होता. ज्या मुलाकडून द्रव घेतला त्याला गरमीसारखा आजार असेल तर तो पुढच्याला लागे. म्हणून एकोणिसाव्या शतकात हळूहळू वासराच्या कातडीवर वाढवलेली लस आली. आज तुम्हाला मिळणारी प्रत्येक कुपी निर्जंतुक असते, सुई प्रत्येकासाठी नवी असते आणि कुपी थंड साखळीतून आलेली असते.

संस्था मोडली, लस राहिली

रॉयल जेनेरियन सोसायटी फार टिकली नाही. तिचे मुख्य लस टोचणारे डॉक्टर जॉन वॉकर जेन्नर यांच्या सूचनांप्रमाणे वागत नव्हते. वाद विकोपाला गेला. १८०६ मध्ये वॉकर बाहेर पडले आणि त्यांनी लंडन व्हॅक्सीन इन्स्टिट्यूशन ही वेगळी संस्था काढली. जुनी संस्था खंगत गेली. १८०८ मध्ये सरकारने स्वतःच्या खर्चाने राष्ट्रीय लस संस्था सुरू केली. तेथेही जेन्नर यांचे जमले नाही. नेमणुकांत आपले ऐकले जात नाही म्हणून त्यांनी संचालकपद सोडले.

संसदेने त्यांना १८०२ मध्ये १०,००० पौंड आणि १८०७ मध्ये आणखी २०,००० पौंड दिले. १८१३ मध्ये ऑक्सफर्डने मानद एम. डी. दिली. त्या बळावर लंडनच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये प्रवेश मिळेल, असे त्यांना वाटले. पण कॉलेजने लॅटिन आणि ग्रीकची परीक्षा द्यायला सांगितली. साठी ओलांडलेल्या जेन्नर यांनी ती द्यायला नकार दिला, आणि ते दार बंदच राहिले.

जेन्नर कुठे चुकले?

रुग्ण म्हणून तुमच्यासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. लस एकदा घेतली की जन्मभर पुरते, असे जेन्नर मानत. १८११ मध्ये याला मोठा धक्का बसला. लॉर्ड ग्रॉव्हनर यांचा मुलगा रॉबर्ट याला तान्हेपणी खुद्द जेन्नर यांनीच लस टोचली होती. दहाव्या वर्षी त्याला देवी आल्या, आणि त्याही जोराच्या. विरोधकांना आयतेच निमित्त मिळाले.

पण रॉबर्ट वाचला आणि पुढे १८९३ पर्यंत, म्हणजे वयाच्या ९२ व्या वर्षापर्यंत जगला. त्याच घरातल्या लस घेतलेल्या भावंडांना लागण झाली नाही. आज मागे वळून पाहिले तर याचा अर्थ लागतो. लसीचे संरक्षण काही वर्षांनी कमी होते, तरी ते बहुधा पूर्ण जात नाही. संसर्ग टळला नाही तरी जीव वाचण्याची शक्यता वाढते. नंतरच्या काळात पुन्हा लस टोचण्याची पद्धत आली ती याच अनुभवातून. तुम्ही ज्याला बूस्टर डोस म्हणता, त्याचे कारण हेच.

सर्वांत मोठ्या मानकऱ्याचे मतही तपासून घ्यावे लागते, हे या प्रसंगातून दिसते. जेन्नर यांची लस बरोबर होती, तिच्या मुदतीबद्दलचा त्यांचा अंदाज चुकला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या आहेत.

शेवटची वर्षे

त्यांच्या घरातले दुःख वेगळेच होते. मोठा मुलगा एडवर्ड १८१० मध्ये क्षयाने गेला. १८१५ मध्ये पत्नी कॅथरीनही क्षयानेच गेल्या. देवीवर उपाय शोधणाऱ्या डॉक्टरकडे क्षयावर काहीच नव्हते. त्यानंतर ते बहुतेक काळ बर्कलीतच राहिले. बागेतल्या एका लहानशा झोपडीत ते गावच्या गरिबांना फुकट लस टोचत. या झोपडीला ते लसीचे मंदिर म्हणत. २६ जानेवारी १८२३ रोजी पक्षाघाताने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीला जेम्स फिप्स हजर होता.

देवी एक दिवस पृथ्वीवरून नाहीशी होईल, असे जेन्नर यांनी १८०१ मध्येच लिहून ठेवले होते. हा विषाणू फक्त माणसात राहत असल्याने ते शक्य झाले. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. जगातली नैसर्गिक संसर्गाची शेवटची नोंद ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात झाली. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावर मोठा, चपटा, कडेला रेषा असलेला वण असेल तर तो बहुधा देवी टोचल्याचा. तुमच्या मुलाच्या डाव्या दंडावरचा लहान वण बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा असतो. ज्या क्षयाने जेन्नर यांचे घर रिकामे केले, त्याच्या गंभीर प्रकारांपासून ही लस लहान बाळांना वाचवते.

यातून तुम्ही काय घ्यावे?

लसीबद्दल ठरवताना कोणी किती मोठ्या पदावरून बोलते एवढेच पाहू नका. बाजूने बोलणाऱ्यांचीही पदे असतात आणि विरोधात बोलणाऱ्यांचीही. डॉक्टरांना हे प्रश्न विचारा:

* ही लस कोणत्या आजारासाठी आहे आणि तो आजार किती गंभीर असू शकतो?
* किती डोस लागतात आणि बूस्टर कधी घ्यायचा?
* कोणते त्रास नेहमीचे आहेत आणि कोणते दिसले तर लगेच यावे?
* माझ्या मुलाला आधी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी झाली आहे, किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, तर ही लस चालेल का?

प्रत्येक लसीची मुदत वेगळी असते. गोवर-रुबेलाचे दोन डोस लागतात. डीपीटीचे बूस्टर दीड ते दोन वर्षांदरम्यान आणि पुन्हा पाच ते सहा वर्षांच्या वयात देतात. धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात, गरोदरपणातही देतात. फ्लूचा विषाणू बदलत राहतो म्हणून ती लस दरवर्षी घ्यावी लागते. एखादा डोस चुकला असेल तर संकोच न करता सांगा. बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, जेथे राहिले तेथून पुढे देता येते.

माता व बाल संरक्षण कार्ड जपून ठेवा, त्याचा फोटोही काढून ठेवा. त्यावर नक्षी नसते, मोहर नसते, कोणी ते चौकटीत लावत नाही. पण कोणती लस, कोणत्या तारखेला, पुढची केव्हा, हे त्यावर लिहिलेले असते. मुलाला ताप आला, जखम झाली किंवा शाळा बदलली की डॉक्टर आधी हाच कागद मागतात. पुढच्या भेटीला येताना तो बरोबर आणा.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या किंवा तुमच्या मुलाच्या लसीकरणाबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात बोलूनच घ्या.